हेडली पेनालूनाचा दम

आमच्या लॅनवार्था गावातून इंग्लंडच्या रग्बी संघात आजवर एकच माणूस गेला, आणि तो एकच सामना खेळला. तोही पुरता नाही. हा माणूस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. गावातले पुरुष त्याच्या गोष्टी सांगतात त्या ऐकून माझे कान किटले आहेत, कारण त्यांच्या गोष्टींत तो सदानकदा चेंडू छातीशी धरून रेषेपलीकडे पडत असतो. मला रग्बीतलं फारसं कळत नाही. तो लाल चिखल कपड्यांतून कसा काढायचा तेवढं कळतं. पण हेडलीचं काय झालं ते मला त्या सगळ्यांपेक्षा नीट ठाऊक आहे, कारण त्याचा शेवट माझ्याच स्वयंपाकघरात सुरू झाला.

हेडलीचा जन्म खाणीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या घरात झाला. बाप कथिलाच्या खाणीत, आजा कथिलाच्या खाणीत, त्यामुळे मोठेपणी तू कोण होणार हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. विशीत आला तेव्हा तो दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा. शनिवारी दुपारी तो मैदानावर आणखी सात जणांच्या गळ्यात हात घालून, डोकं खाली करून समोरच्या आठांना रेटायचा. रविवारी संध्याकाळी धुतलेल्या कॉलरमध्ये चॅपेलच्या पुढच्या बाकावर बसून खर्जात गायचा. दोन्हीला लागते ती एकच गोष्ट, दम. तो त्याच्यापाशी इतका होता की उगाच टेकडी चढून उतरायचा, आणि वर काय बघितलंस म्हणून विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, टेकडी आहे ना जागेवर ते बघून आलो."

चॅपेलमधलं गाणं माझा नवरा एझ्रा चालवायचा. खाणीवरचा लोहार, हात मोठे, बोलणं कमी. गावातल्या निम्म्या लोकांचा तो काका होता, नातं असो वा नसो. रविवारच्या शेवटच्या स्तोत्रात वरचे आवाज थांबायचे आणि खर्जवाले पुरुष एकटेच शेवटचा सूर धरून राहायचे. एझ्राचा हात हवेत उघडा असायचा. त्याची मूठ मिटेपर्यंत सूर सोडायचा नाही, मध्ये श्वास घ्यायचा नाही. बाहेरगावच्या माणसाला हे गाणं वाटेल. आमच्याकडे ती तरण्या पुरुषाची तपासणी होती. मुलगी द्यायची झाली तर बाप विचारायचा, "एझ्राच्या मुठीपर्यंत टिकतो का?" हेडली टिकायचाच, वर मूठ मिटल्यावरही क्षणभर सूर लांबवायचा. एझ्रा डोळे वटारायचा आणि मॉर्वेना, माझी बहीण, पुस्तकाआड हसायची.

त्यांचं लग्न झालं आणि कथिलाचा भाव पडला. खाणी बंद होऊ लागल्या तसे आमचे पुरुष जायचे तिथे तोही गेला, आफ्रिकेला, सोन्याच्या खाणीत. काही वर्षांनी आला तो चांगला सूट घालून, मॉर्वेनासाठी शहामृगाच्या पिसांची टोपी घेऊन, आणि खोकत.

तो खोकला आमच्या गावाला पाठ होता. तिथे दगडात भोकं पाडायला हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल होती आणि तिची कोरडी धूळ माणसाच्या छातीत जाऊन बसायची. आधी माणूस जिना चढताना थांबायचा. मग तो चॅपेलच्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून उन्हात बसायचा. मग भिंत मोकळी दिसायची. ड्रिलला आमच्या बायका विधवायंत्र म्हणायच्या, आणि आता ती यंत्रं आमच्या चालू राहिलेल्या खाणीतही आली होती. परतल्यावर हेडली तिथेच ड्रिलवर लागला.

आमच्या वडिलांचं समुद्राकडच्या कड्यावर छोटं शेत होतं. गाई, थोडी बार्ली, भरपूर वारा. मुलगा नव्हता. त्यांनी मॉर्वेनामार्फत हेडलीला विचारलं, आणि तो विषय माझ्या ओट्यापाशी निघाला. मी मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्यांच्या कडा दुमडत होते.

"बाबा थकलेत," मॉर्वेना म्हणाली. "तू खाली जाणं सोड आणि शेत घे."

"मी आणि गाई? गाई हसतील मला."

"हसू देत. तू खोकतोस."

"सर्दी आहे ती. जहाजावरची."

"जहाज लागून किती महिने झाले रे? अजून उतरली नाही का ती सर्दी?"

हेडली माझ्याकडे बघून म्हणाला, "थर्झाताई, तुमची बहीण तुमच्यासारखी बोलायला लागली." मग मात्र तो गंभीर झाला. आफ्रिकेत त्याने आपल्या बरोबरीची माणसं मरताना पाहिली होती. भीती त्यालाही होती, फक्त ती बोलून दाखवायची पद्धत आमच्या पुरुषांत नाही. तो म्हणाला, "ऐक. दर रविवारी तू समोर बसलेली असतेस. ज्या दिवशी एझ्राकाकांच्या मुठीपर्यंत माझा सूर टिकणार नाही, त्या दिवशी मी वर येईन. दुसऱ्या दिवशी खाली उतरणार नाही. हा शब्द. पण तोवर माझ्यामागे लागायचं नाही."

मॉर्वेनाने मान्य केलं. तिला तो सौदा बरा वाटला, मलाही वाटला. डॉक्टर खोटं बोलेल, नवरा खोटं बोलेल, पण खर्जातला सूर खोटं बोलत नाही असंच आम्ही समजत होतो.

त्यानंतर दर रविवारी ती श्वास रोखून बसायची. हात उघडा असायचा, सूर लांबायचा, मूठ मिटायची, आणि हेडली तोवर गात असायचा. तिचा जीव भांड्यात पडायचा. मला एवढं जाणवलं होतं की पूर्वीपेक्षा सूर आखूड झालाय. मला वाटलं, एझ्राचं वय झालं, त्याचा हात भरून येतो. घरी मी त्याला चिडवलंसुद्धा. तो बूट काढत राहिला, काही बोलला नाही. तो कधीच काही बोलायचा नाही, त्यामुळे त्यात वेगळं काही दिसलं नाही.

वडिलांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग शेत पुतण्याला देऊन टाकलं.

मैदानावर तर हेडलीचा काळ आला होता. त्याच्यासोबत खाणीत ड्रिलवर असणारा सिलास रॉस्किली हाच रग्बीतही पुढच्या आठांचा म्होरक्या होता. त्याने हेडलीला स्क्रमच्या, म्हणजे त्या आठांच्या रेटारेटीच्या, अगदी मागे ठेवलं होतं. "तुझे हात चांगले आहेत, राजा. रेटायला आम्ही बैल आहोतच. तू मागे राहा आणि चेंडूवर नजर ठेव." मग सातजण मरेस्तोवर रेटायचे, चेंडू पायापायांतून मागे यायचा, हेडली तो उचलायचा आणि चार ढांगांत रेषेपलीकडे पडायचा. वर्तमानपत्रांत छापून यायला लागलं की हा पेनालूना नेमका हवा तिथे हवा तेव्हा कसा असतो कोण जाणे. डेव्हनविरुद्धच्या सामन्याला लंडनहून निवड समितीचे एक गृहस्थ फरची कॉलर लावून आले होते. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं, पेस्टी खाल्ली आणि गेले. जानेवारीत तार आली. आयर्लंडविरुद्ध, लंडनला.

गाव वेडं झालं. बँड वाजवत त्याला स्टेशनवर नेलं, केशराच्या पावांची टोपली डब्यात चढवली. पाद्रीबाबा, जे एरवी चेंडूचं नाव काढलं तरी नाक मुरडायचे, तेसुद्धा फलाटावर होते. फक्त एझ्रा आला नाही. त्याला म्हणे भट्टी सोडता येत नव्हती. आणि सिलास, जो सगळ्यांत मोठ्याने ओरडायला हवा होता, तो हेडलीचा दंड धरून एवढंच म्हणाला, "मागे राहा, राजा. कुणी काही म्हणो, तू मागेच राहा."

सामना मी पाहिला नाही. सिलास सवलतीच्या गाडीने गेला होता, कठड्याला धरून उभा होता. त्याने पाहिलं ते आणि नंतर हेडलीने सांगितलं ते, असं जुळवून मी सांगते.

इंग्लंडचा कप्तान कुठल्याशा मोठ्या शाळेतला मास्तर होता, सभ्य माणूस. त्याने हेडलीचे खांदे पाहिले आणि म्हणाला, "खाणकामगार ना तुम्ही? उत्तम. तुम्ही पुढे, मधोमध." हेडलीला त्यात अडचण वाटली नाही. अडचण असायचं कारणच त्याला ठाऊक नव्हतं. पांढरा सदरा, छातीवर लाल गुलाब, सभोवती अख्ख्या परगण्यात मिळून नसतील एवढी माणसं. रेटताना त्याच्या एका बाजूला ऑब्री हार्कोर्ट नावाचा लंडनच्या इस्पितळातला तरुण डॉक्टर होता. गाल गालाला लागेल इतक्या जवळ.

पहिल्या रेट्याला हेडली चांगला टिकला. दुसऱ्याला त्याला वाटलं, आयरिश फारच ताकदवान आहेत. मग वाटलं, आपल्या बाजूचे रेटतच नाहीत की काय. तो डोकं वर काढायचा तेव्हा चेंडू कुठल्या कुठे गेलेला असायचा आणि बाकीचे त्यामागे धावत असायचे. त्याच्यासाठी कुणी थांबत नव्हतं. का थांबतील? मध्यांतराच्या आत त्याला मैदानाच्या कडा काळ्या दिसायला लागल्या.

मध्यांतरात लिंबाच्या फोडी आल्या. हेडलीला फोड तोंडाशी नेता येईना. डॉक्टर हार्कोर्ट त्याच्याकडे बराच वेळ बघत होता. विचारपूस न करता त्याने हेडलीच्या पाठीला, ओल्या सदऱ्यावर, सरळ कान लावला.

"आफ्रिकेत होतात?"

"होतो."

"ड्रिलवर?"

"होय. अजूनही आहे, पण आमच्याकडे."

"भल्या माणसा, तुम्ही मैदानावर उभे कसे आहात? तुमची अर्धी छाती दगड झालीय."

हेडलीला राग आला. "अहो डॉक्टर, घरी मी दर शनिवारी पुरा सामना खेळतो. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. विचारा कुणालाही."

"कुणाबरोबर खेळता?" डॉक्टरने विचारलं.

त्याने सहजच विचारलं होतं. हेडली उत्तर द्यायला लागला आणि मध्येच थांबला. त्याला सिलास आठवला. खाणीत ड्रिल धरायचं जड काम गेल्या वर्षभरात सिलासने एकदाही त्याच्याकडे दिलं नव्हतं, "तू हवेची नळी सांभाळ" म्हणायचा. मैदानावरचे सातजण एकेक करून आठवले. आणि मग एझ्राचा हात आठवला.

उत्तरार्धात त्याला लांब कडेला उभं केलं. एकदा चेंडू त्याच्याकडे आला. तो उचलून हेडली धावला, आणि कुणीही हात न लावता गुडघ्यांवर बसला. त्याच्या शेजारून आयरिश गडी चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला आणि तेवढ्याच फरकाने इंग्लंड हरलं. दोघांनी धरून हेडलीला बाहेर नेलं. सिलास म्हणतो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं बरगडी मोडली. वर्तमानपत्रांनीही बरगडीच छापली.

सोमवारी बँड पुन्हा स्टेशनवर उभा होता. हेडली आधीच्या स्टेशनवर उतरला, कोळशाच्या गाडीवानाजवळ बसून आला आणि मागच्या दाराने आमच्या घरात शिरला. एझ्रा नुकताच कामावरून येऊन चहाला बसला होता. हेडली समोरच्या खुर्चीवर बसला, धाप ओसरेपर्यंत थांबला, आणि मग बोलला.

"एझ्राकाका, मूठ केव्हापासून लवकर मिटताय?"

"कसली मूठ?"

"राहू द्या. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. जन्म चॅपेलमध्ये घालवल्याचं एवढं नुकसान तर व्हायचंच."

एझ्राने बशी बाजूला सरकवली. त्याचे कान लाल झाले होते. "मागच्याच्या मागच्या सुगीच्या प्रार्थनेपासून," तो म्हणाला. "त्या दिवशी तू तुटणार होतास. मला दिसलं. तुझं तोंड बघितलं नि मूठ आपोआपच मिटली, पोरा. पुढच्या वेळी आणखी जरा आधी. सिलासला मी सांगितलं नाही. तोच मला येऊन म्हणाला, ड्रिलवर हेडलीचं काही खरं नाही. मग मैदानावरच्या पोरांना कळलं."

"म्हणजे सगळ्यांना."

"आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे. तू दाखवत नाहीस, तर आपण कशाला दाखवायचं. माणसाचा मान असतो."

"मला ठाऊक नव्हतं, काका."

माझ्या हातात किटली होती. ती मी चुलीवर ठेवली आणि म्हणाले, "एझ्रा, त्याने मॉर्वेनाला शब्द दिला होता. तुझ्या मुठीपर्यंत सूर टिकला नाही, की त्या दिवशी खाण सोडीन म्हणून. बाबांचं शेत घेणार होता तो."

एझ्राने माझ्याकडे पाहिलं. तो शब्द त्याला माहीत नव्हता. मला त्याची मूठ माहीत नव्हती. एका छपराखाली, एका पलंगावर झोपणारी आम्ही दोघं. बायकांनी आपसात बोललेलं पुरुषांना सांगायचं नाही आणि पुरुषांनी पुरुषाचं झाकलेलं बायकांना सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि आम्ही ती चोख पाळली होती. त्या पाळण्यात हेडलीने आणखी इतके महिने धूळ खाल्ली होती. एझ्राइतका चांगला माणूस मी पाहिलेला नाही. तरी त्या संध्याकाळी मला त्याचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

एझ्रा टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. हेडली थोडा वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी मला उचलून धरलंत, आणि मला वाटत राहिलं, मीच चालतोय."

आवाजात राग नव्हता. असता तर आम्हा दोघांना सोपं गेलं असतं.

जाताना तो म्हणाला, "येत्या रविवारी पुरा सूर लावा, काका. पूर्वीसारखा. मॉर्वेनाला मी बरगडीच सांगणार आहे. शब्द त्या सुरावर दिला होता, तर तिला तो तिथेच ऐकू दे."

रविवारी चॅपेल भरून गेलं होतं. गावात इंग्लंडचा खेळाडू होता, मग जिंकणं-हरणं कोण बघतो. हेडली पुढच्या बाकावर आपल्या जागी होता, त्याच्या डावीकडे सिलास. आम्ही बायका पलीकडच्या बाजूला. मॉर्वेनाने शहामृगाच्या पिसांची टोपी घातली होती. ती दर रविवारसारखी श्वास रोखून बसली आणि मी माझे हात मांडीत घट्ट धरले.

शेवटचं स्तोत्र आलं. वरचे आवाज थांबले. खर्ज उरला. एझ्राचा हात हवेत उघडा होता. पुरा सूर लावायचं त्याने कबूल केलं होतं. आठवडाभर तो माझ्याशी त्याखेरीज काही बोलला नव्हता. पण हेडलीच्या गळ्याच्या शिरा ताठल्या, आणि एझ्राने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याची मूठ मिटली. पहिल्यापेक्षाही लवकर.

सगळे पुरुष थांबले. हेडली थांबला नाही.

तो एकटाच गात राहिला. मिटलेल्या मुठीकडे बघत, उभ्या चॅपेलमध्ये एकटा. सिलासने मान खाली घातली. सूर आधी सरळ होता, मग तो खरखरला, मग त्यात हवाच उरली, आणि तो तुटला. हेडलीने बाकाची कड धरली आणि पाद्रीबाबांकडे नाही, एझ्राकडे नाही, समोरच्या बाजूला मॉर्वेनाकडे पाहिलं.

ती उठली. आमच्या चॅपेलमध्ये बाई पुरुषांच्या बाजूला जात नाही. ती मधली वाट ओलांडून सरळ पुढच्या बाकापाशी गेली. सिलास सरकला. तिने हेडलीचा हात बाकावरून सोडवून आपल्या हातात घेतला.

"झालं," ती म्हणाली. "आता वर ये."